कॉलेज बास्केटबॉल : टीम नेमकी कशामुळे हरतेय, हे आकड्यांवरून कसं ओळखायचं?

रानजाई:

गेल्या वर्षापासून मी आमच्या कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल टीमची आकडेवारी ठेवते. अमेरिकेतलं छोटं कॉलेज आहे, एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या डिव्हिजन थ्रीमध्ये खेळतं. या डिव्हिजनमध्ये खेळासाठी स्कॉलरशिप देता येत नाही. त्यामुळे आमच्या मुली लॅब, परीक्षा सगळं सांभाळून निव्वळ आवडीपोटी खेळतात. मी गणिताची विद्यार्थिनी, बेंचच्या टोकाला लॅपटॉप घेऊन बसते.

सध्या आम्ही सलग हरतोय. प्रत्येक मॅचनंतर कोच, मुली, बघायला आलेले आईवडील, सगळे एकच म्हणतात : शॉट पडत नाहीयेत. माझ्या मते हे निदान अर्धंच आहे, आणि तेच धरून बसल्यामुळे प्रॅक्टिसचा वेळ भलत्या ठिकाणी खर्च होतोय. माझं म्हणणं मांडते. ज्यांना खेळ माझ्यापेक्षा जास्त कळतो त्यांनी बिनधास्त खोडून काढा.

मॅचमागे सरासरी किती पॉइंट केले आणि किती दिले, हे बघणं मी पूर्ण बंद केलंय. बास्केटबॉलमध्ये आपलं पझेशन, म्हणजे चेंडू आपल्याकडे असण्याची एक पाळी, संपलं की चेंडू समोरच्यांकडे जातो, म्हणून मॅचभरात दोन्ही टीमना जवळपास सारख्याच संधी मिळतात. किती संधी, ते खेळाच्या वेगावर ठरतं. समजा एका मॅचमध्ये ७८ पझेशनमध्ये ७५ पॉइंट झाले आणि दुसरीत ६० पझेशनमध्ये ६२. पहिली मॅच कागदावर भारी दिसते, पण तिथे दर पझेशनला ०.९६ पॉइंट आहेत आणि दुसरीत १.०३. ऑफेन्स दुसऱ्या मॅचमध्ये चांगला झाला. १९८९-९० साली लॉयोला मेरीमाउंटच्या टीमने मॅचमागे १२२.४ पॉइंट काढले होते. ती टीम गुणी होतीच, पण प्रशिक्षक पॉल वेस्टहेड यांची पद्धतच अशी होती की चेंडू हातात आला की काही सेकंदांत शॉट. त्यामुळे समोरच्यांनाही तेवढ्याच संधी मिळत, आणि हीच टीम मॅचमागे शंभराहून जास्त पॉइंट देतही असे. नुसती सरासरी बघून त्यांच्या डिफेन्सला नावं ठेवणं अन्यायाचं ठरेल.

पझेशन मोजायला व्हिडिओ लागत नाही, बॉक्स स्कोअर, म्हणजे मॅचच्या आकड्यांचा छापील तक्ता, पुरतो. एकूण शॉट (फ्री थ्रो सोडून), त्यातून आपले ऑफेन्सिव्ह रिबाउंड (आपलाच चुकलेला शॉट परत मिळवणं) वजा, टर्नओव्हर (शॉट न मारताच गमावलेला चेंडू) मिळवा, आणि फ्री थ्रोची (फाउलबद्दल मिळणारे मोकळे शॉट) ०.४७५ पट मिळवा. ६० शॉट, १० ऑफेन्सिव्ह रिबाउंड, १४ टर्नओव्हर, २० फ्री थ्रो असतील तर ७३.५ पझेशन. कॉलेजच्या खेळासाठी हा ०.४७५ कॉलेज बास्केटबॉलचे आकडे मांडणारे केन पोमरॉय वापरतात, एनबीए या व्यावसायिक लीगसाठी ०.४४ धरतात. नॉर्थ कॅरोलायनाचे प्रशिक्षक डीन स्मिथ तर संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासून पझेशनमागे किती पॉइंट झाले याचा हिशेब ठेवत.

एवढं झालं की बास्केटबॉलचे आकडेतज्ज्ञ डीन ऑलिव्हर यांचे चार घटक. शॉट किती चांगले पडले, चेंडू किती वेळा गमावला, आपल्याच चुकलेल्या शॉटचे किती रिबाउंड परत मिळवले, आणि फ्री थ्रोच्या रेषेवर किती वेळा पोचलो. हेच चार समोरच्या टीमसाठीही मांडायचे. ऑलिव्हर यांनी त्यांना साधारण ४०, २५, २० आणि १५ टक्के वजन दिलंय. म्हणजे शॉट सगळ्यात महत्त्वाचा हे खरंच आहे, पण उरलेले ६० टक्के बाकीच्या तिघांत आहेत.

आमच्या टीमचे हे चार घटक मांडले तेव्हा मला सगळ्यात मोठं भोक दिसलं ते डिफेन्सिव्ह रिबाउंडमध्ये. समोरच्या टीमचा शॉट आम्ही चुकवायला लावतो, आणि मग चेंडू त्यांनाच परत देतो. पण प्रॅक्टिसमध्ये सगळा वेळ थ्री, म्हणजे लांबून तीन पॉइंटचे शॉट, मारण्यात जातो, कारण डोळ्यांना न पडलेला थ्री दिसतो.

सागरगोटा:

चांगला धागा. एक प्रश्न. रिबाउंड तर बॉक्स स्कोअरमध्येही असतात. मग तिथे हे कुणाला दिसलं कसं नाही?

रानजाई:

कारण तिथे नुसती संख्या असते. समजा एका मॅचमध्ये आम्ही १२ ऑफेन्सिव्ह रिबाउंड घेतले आणि दुसरीत ९. टाळ्या १२ ला मिळतात. पण पहिल्या मॅचमध्ये परत मिळवण्याजोगे ४० चुकलेले शॉट होते आणि दुसरीत २४, तर पहिलीत ३० टक्के आणि दुसरीत साडेसदतीस टक्के. जी टीम जास्त शॉट चुकवते तिला रिबाउंड जास्त मिळणारच. समोरच्यांचंही तसंच. ते किती चेंडू घेऊन गेले यापेक्षा, हाताशी होते त्यातले किती घेऊन गेले, हे बघायला हवं.

मोठ्या पातळीवरचं उदाहरण म्हणजे २०२४ ची मुलींची अंतिम मॅच. आयोवाच्या केटलिन क्लार्कने ३० पॉइंट केले, त्यातले १८ तर पहिल्याच क्वार्टरमध्ये. तरी साउथ कॅरोलायना ८७-७५ अशी जिंकली आणि सीझन ३८-० ने संपवला. त्या मॅचचे रिबाउंड होते ५१ विरुद्ध २९. बातम्यांत क्लार्क होती, पण मॅच रिबाउंडच्या रकान्यात गेली होती.

जुनागडी:

मी बरीच वर्षं खेळलो, पुढे मुलांना शिकवलंही. रानजाई, रिबाउंडचं तुझं म्हणणं मान्य. पण "शॉट पडत नाहीयेत" याला तू जवळपास नशीब म्हणतेयस असं वाटलं. ते मला पटत नाही. शॉट नशिबाने पडत नाही. पाय थकले की चेंडू रिंगच्या पुढच्या कडेला लागतो. पास गुडघ्याजवळ आला की शूटरची लय मोडते. समोरची मुलगी अर्धं पाऊल जवळ असली की हात घाईने सुटतो. हे सगळं तुझ्या रकान्यांत कुठे आहे?

रानजाई:

दादा, ते रकान्यांत नाही, तुम्ही म्हणता ते खरं आहे. पण नशिबाचा वाटा किती मोठा असतो ते आधी दाखवते.

खरोखर ३५ टक्के थ्री मारणारी टीम घ्या. एका मॅचमध्ये २० थ्री. सरासरी ७ पडायला हवेत. पण कुणी थकलं नाही, पास उत्तम आले, काहीही बदललं नाही, तरी केवळ योगायोगाने ५ ते ९ यांमध्ये कितीही पडणं अगदी रोजचं आहे. ३ किंवा ११ पडले तरी आश्चर्य वाटायचं कारण नाही. ३ आणि ११ यांत २४ पॉइंटचा फरक आहे! पाच मॅच एकत्र केल्या, म्हणजे १०० थ्री, तरी टक्केवारी पावणेपाच टक्के इकडेतिकडे सहज जाते. म्हणजे पाच मॅचमध्ये ३० टक्के पडले तर टीम बिघडली की तशीच आहे, हे त्या एका आकड्यावरून सांगताच येत नाही. ६०० थ्री झाले की हा हेलकावा दोन टक्क्यांवर येतो, पण तेवढ्यात सीझन संपतो.

यावर माझं आवडतं उदाहरण व्हिलानोव्हा आणि ओक्लाहोमाचं. डिसेंबर २०१५ मध्ये हवाईला त्यांची मॅच झाली. व्हिलानोव्हाने ३२ थ्री मारले, पडले फक्त ४. ओक्लाहोमा ७८-५५ ने जिंकली. पुढे एप्रिल २०१६ मध्ये फायनल फोरला, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत, पुन्हा याच दोन टीम समोरासमोर. या वेळी व्हिलानोव्हाचे १८ पैकी ११ थ्री पडले, एकूण शॉट ७१ टक्के, आणि निकाल ९५-५१. एकदा २३ ने हार, एकदा ४४ ने जीत! दोन दिवसांनी त्यांनी नॉर्थ कॅरोलायनाला ७७-७४ हरवून विजेतेपद घेतलं. डिसेंबरच्या त्या रात्री कुणी म्हणालं असतं की ही टीम शूटिंग विसरली, तर कागदावर तेव्हा ते अगदी खरं दिसत होतं.

खडूफळा:

गणित शिकवतो, म्हणून थोडी भर घालतो. वरचा हिशेब प्रत्येक शॉट दुसऱ्यापासून स्वतंत्र आहे आणि सगळ्या शॉटची शक्यता सारखी आहे असं धरून केलाय. खऱ्या मॅचमध्ये कोपऱ्यातला मोकळा थ्री आणि घड्याळ संपत आल्यावर अंगावर हात असताना मारलेला थ्री, हे एकच नव्हेत. म्हणून जुनागडी यांचा मुद्दा नुसता सोडून देऊ नका.

आणि विषय निघालाच आहे तर "हात बसलाय" या समजुतीचाही निकाल लावू. १९८५ साली गिलोविच, व्हॅलोन आणि ट्वर्स्की यांनी एनबीएच्या मॅचबरोबरच कॉर्नेलच्या मुलामुलींकडून शॉट मारून घेतले, आणि लागोपाठ काही शॉट पडल्यावर पुढचा पडण्याची शक्यता वाढते असा पुरावा त्यांना मिळाला नाही. पुढची तीसेक वर्षं ही समजूत म्हणजे निव्वळ भास, असं वर्गावर्गात शिकवलं गेलं. मीही शिकवलं. मग मिलर आणि सानहुर्हो यांनी (निबंध २०१८ चा) त्या मोजण्यातच एक फट दाखवली, आणि ती वहीवर करून बघण्याइतकी सोपी आहे.

नाणं तीन वेळा उडवा. छाप्यानंतर लगेच पुन्हा छापा येण्याचं प्रमाण प्रत्येक मालिकेसाठी लिहा. शक्य मालिका आठ. काटा-काटा-काटा आणि काटा-काटा-छापा यांत छाप्यानंतर उडवणंच उरत नाही, त्या बाजूला ठेवा. उरल्या सहा : छा-छा-छा मध्ये प्रमाण १, छा-छा-का मध्ये अर्धं, का-छा-छा मध्ये १, बाकीच्या तिघींत शून्य. बेरीज अडीच, भागिले सहा, म्हणजे ५/१२. अर्धं यायला हवं होतं ना? नाणं अगदी सच्चं, तरी छोट्या मालिकांची सरासरी निम्म्यापेक्षा कमी आली. म्हणजे एखाद्या खेळाडूचं प्रमाण जर बरोबर अर्धं निघालं, तर त्याचा हात किंचित बसलेला असण्याचीच शक्यता आहे. ही दुरुस्ती केल्यावर मूळ प्रयोगातही हात बसल्याच्या खुणा दिसतात.

मला हे वाचून दोन रात्री झोप लागली नव्हती. इतकी वर्षं इतके हुशार लोक एका छोट्या सरासरीत चुकले.

जुनागडी:

खडूफळा सर, नाण्याचं गणित वहीवर करून बघितलं. खरंच ५/१२ येतं. खेळाडूंना जे जाणवतं त्याला थोडा आधार मिळाला म्हणायचा. वाचून बरं वाटलं.

उंचउडी:

डिफेन्सबद्दल कुणी बोललं नाही. आमच्या विद्यापीठाच्या मुलांच्या टीमबद्दल नेहमी ऐकते की "समोरच्यांना २८ टक्केच थ्री मारू दिले, काय डिफेन्स आहे". हे डिफेन्सचं श्रेय की समोरच्यांचं वाईट नशीब?

रानजाई:

बऱ्याच अंशी नशीब. पोमरॉय यांनी हेच बरीच वर्षं मांडलंय : समोरच्यांची थ्रीची टक्केवारी डिफेन्सच्या हातात फार थोडी असते. हातात काय असतं, तर त्यांना किती थ्री मारू द्यायचे ते. चांगला डिफेन्स धावून जातो, शूटरला चेंडू जमिनीवर टेकवायला लावतो, आणि तो शॉट सुटतच नाही. न मारलेला शॉट टक्केवारीत दिसत नाही. म्हणून मी "टक्के किती" याऐवजी "त्यांच्या एकूण शॉटमध्ये थ्री किती" हा रकाना ठेवते. पेंटमधले, म्हणजे बास्केटजवळचे, शॉट वेगळे. तिथे उंची आणि जागा धरणं यांचा खरा परिणाम होतो.

व्हर्जिनियाचं उदाहरण सगळ्यांना माहीत असेल. मार्च २०१८, पहिल्या मानांकनाची टीम, देशातला सर्वोत्तम म्हणावा असा डिफेन्स, आणि सोळाव्या मानांकनाच्या युएमबीसीकडून ७४-५४ ने हार. मुलांच्या स्पर्धेत असं पहिल्यांदाच घडलं. हाफटाइमला स्कोअर २१-२१ होता. युएमबीसीचे २४ पैकी १२ थ्री पडले, व्हर्जिनियाचे २२ पैकी ४. त्यांचा डिअँड्रे हंटर मनगट मोडल्यामुळे खेळत नव्हता, हेही लक्षात घ्यायला हवं. त्यात व्हर्जिनिया अतिशय संथ खेळायची, मॅचमध्ये साठच्या आसपास पझेशन. संधी जितक्या कमी तितका योगायोगाला वाव जास्त, म्हणून बलवान टीमला संथ खेळ थोडा जोखमीचाच असतो. त्यांचे प्रशिक्षक टोनी बेनेट यांनी त्या एका रात्रीवरून पद्धत मोडीत काढली नाही. पुढच्या वर्षी त्याच संथ खेळाने टेक्सास टेकला ओव्हरटाइममध्ये ८५-७७ हरवून ते विजेते झाले. हारल्यावर कशाला हात लावायचा नाही, हेही आकड्यांवरून कळतं. मला या विषयाची ओढ लागली ती इथूनच.

सागरगोटा:

प्रतिस्पर्धी किती तगडा होता ते कसं धरतेस? दर पझेशनला दुबळ्यांवर १.१ आणि तगड्यांवर १.१ सारखं कसं?

रानजाई:

सारखं नाहीच. मोठ्या डिव्हिजनमध्ये तीनशे साठच्या वर टीम आहेत, सगळ्या एकमेकींशी खेळूच शकत नाहीत, म्हणून तिथे याला फार महत्त्व. पूर्वी राष्ट्रीय स्पर्धेची निवड समिती आरपीआय नावाचा आकडा वापरायची : २५ टक्के आपला जय-पराजय, ५० टक्के प्रतिस्पर्ध्यांचा, २५ टक्के त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांचा. त्यात किती फरकाने, कसं जिंकलो याला जागाच नव्हती. २०१८-१९ पासून मुलांसाठी त्याजागी 'नेट' नावाची क्रमवारी आली, त्यात पझेशनमागची कामगिरीही धरतात. मी आमच्यासाठी साधी वजाबाकी करते : समोरची टीम इतरांना दर पझेशनला सरासरी किती पॉइंट देते, त्यापेक्षा आम्ही किती जास्त किंवा कमी काढले. परक्या कोर्टावर असू तर तीनेक पॉइंटची सूट. आमच्या लीगमध्ये प्रत्येकीशी दोनदा खेळतो, तेवढ्याने भागतं.

तिठा:

सगळं वाचलं. मला दुसरंच विचारायचंय. माझी मुलगी कॉलेजला खेळते. तिच्या टीममध्ये दर आठवड्याला प्रत्येकीचे आकडे भिंतीवर लागतात. प्लस-मायनस नावाचा एक आकडा तिचा नेहमी उणा असतो, म्हणजे ती कोर्टवर असताना टीम मागे पडते. ती हल्ली फोनवर खेळाबद्दल बोलतच नाही. हा आकडा खरंच इतका महत्त्वाचा असतो का?

रानजाई:

तिठा ताई, उत्तर लिहायला जरा वेळ घेतला, कारण ही चूक मी स्वतः केलीय.

गेल्या वर्षी उत्साहाच्या भरात मी प्लस-मायनसचा तक्ता काढला, नावांसकट, उतरत्या क्रमाने. तो लॉकर रूममध्ये लागला. सगळ्यात खाली जिचं नाव होतं ती मुलगी आमच्या टीममध्ये सगळ्यात जास्त घाम गाळते. ती कुणाला काही बोलली नाही, पण प्रॅक्टिसला शॉट घेणं तिने जवळजवळ बंद केलं. मी मग तिच्या मिनिटांचा माग काढला. कोच तिला नेमकं तेव्हा उतरवायचे जेव्हा आमच्या दोन मुख्य मुली दम खात असतात आणि समोरचे पाचही उत्तम खेळाडू कोर्टवर असतात. म्हणजे तो उणा आकडा तिचा नव्हताच. तो त्या वेळेचा होता, तिच्याबरोबरच्या चौघींचा होता, समोरच्या पाचजणींचा होता.

प्लस-मायनसचा हाच दोष आहे. कोर्टवर पाचजणी असतात आणि आकडा प्रत्येकीच्या नावावर पूर्णच्या पूर्ण चढतो. दोन मुली कायम एकत्र खेळत असतील तर कुणाचा वाटा किती, हे कुठल्याही गणिताने सुटं करता येत नाही. एनबीएत ८२ मॅच आणि सतत बदलत्या जोड्या असल्यामुळे काही दुरुस्त्या करता येतात. कॉलेजच्या पंचवीस-तीस मॅचमध्ये तो एकट्या मुलीला लावायचाच नाही, असं माझं ठाम मत आहे.

मी तिची माफी मागितली. मिनिटांचा तक्ता तिच्यासमोर ठेवून सगळं समजावलं. तुमच्या मुलीला हे वाचायला द्या. आणि जमलं तर तिला म्हणावं, "मी कुणाबरोबर आणि कुणासमोर खेळले" हे एका मॅचपुरतं लिहून काढ.

तिठा:

रात्री वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आई, मी कायम दुसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीलाच उतरते." एवढंच. मनापासून आभार.

जुनागडी:

हे वाचून माझं मत पुष्कळ बदललं. आता माझ्याकडून दोन कामाच्या गोष्टी. एक, तुमचे चुकलेले थ्री पुढच्या कडेला लागतात की मागच्या, ते लिही. शेवटच्या क्वार्टरमध्ये पुढच्या कडेचे वाढले तर पाय थकलेत, मग ते नशीब नाही. दोन, समोरच्यांनी रिबाउंड नेला की "आपल्याला नाही मिळाला" एवढ्यावर थांबू नकोस. शॉट सुटला त्या क्षणी आपली प्रत्येक मुलगी वळून कुणाला तरी पाठीने अडवतेय का, ते व्हिडिओ थांबवून बघ. बहुतेक वेळा पाचपैकी एकच वर चेंडूकडे बघत उभी असते, आणि तीही प्रत्येक वेळी निराळी असते.

खडूफळा:

आणि मोजण्याआधी ठरवून टाका की कशाला "अडवलं" म्हणायचं. दोघींनी वेगवेगळं मोजून जुळतंय का ते बघा. जुळत नसेल तर व्याख्या सुधारा, मग आकडा काढा.

रानजाई:

दादा, सर, दोन्ही केलं. गेल्या तीन मॅचचे व्हिडिओ बसून पाहिले. पुढच्या कडेचं म्हणाल तर काही खास दिसलं नाही, सुरुवातीला आणि शेवटी सारखंच आहे. रिबाउंडचं मात्र तुम्ही म्हणालात अगदी तसंच. झोन (प्रत्येकीने खेळाडूऐवजी आपली जागा राखायचा डिफेन्स) खेळताना बाजूची मुलगी शूटरकडे धावते, आणि तिने सोडलेल्या जागेत कुणीच वळत नाही. चेंडू दरवेळी त्याच बाजूने जातो. हे मला चार घटकांतून कधीच कळलं नसतं. कुठे शोधायचं ते आकड्याने सांगितलं, काय बिघडलंय ते व्हिडिओने.

कोचना दाखवलं. त्यांनी दोनदा बघितलं आणि उद्यापासून प्रॅक्टिसमधली वीस मिनिटं थ्रीमधून काढून यासाठी देतो म्हणाले. शूटिंगला त्यांनी हात लावला नाही, शॉटची निवड तीच ठेवायची ठरली.

परवा परगावी मॅच आहे, सकाळी सहाला बस. भिंतीवरच्या तक्त्यात आता नावं नाहीत, कोर्टच्या जागा आहेत. मॅचमध्ये हाताने टॅली करायला कागदावर पाच रकाने आखलेत, प्रत्येक जागेला एक. सरांनी सांगितल्याप्रमाणे दुसरं कुणीतरी स्वतंत्र मोजणारं हवं होतं. घोटा मुरगळल्यामुळे एक मुलगी या मॅचला बाहेर बसणार आहे. गेल्या वर्षी तक्त्यात सगळ्यात खाली जिचं नाव होतं, तीच. काल तिने स्वतःहून येऊन विचारलं, "दुसरा कागद मी धरू?"